सीनरी नसलेला जिल्हा

परगावचा पाहुणा मुक्कामाला राहिला की दुसऱ्या दिवशी सोलापूरकराची पंचाईत होते. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, भुईकोट किल्ल्याला फेरी झाली, चादरी-टॉवेल घेऊन झाले, शेंगाचटणीची पुडकी बांधून झाली. पुढं काय? पुढं अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, म्हणजे देव. देवही संपले की यजमान ओशाळून म्हणतो, "आमच्याकडं तशी सीनरी नाही की ओ." पाहुणा समजूतदारपणे मान हलवतो. सातारा-कोल्हापूरकडचा असला तर जरा जास्तच समजूतदारपणे.

हा नुसता न्यूनगंड असता तर हसून सोडून दिला असता. पण याच समजुतीवर आता सार्वजनिक पैसा खर्च होतो, भिंती रंगतात, माळावर खड्डे खणले जातात. म्हणून 'सीनरी' हा शब्द कुठून आला आणि तो आपल्याला काय बघायला लावतो, याची चौकशी केली पाहिजे. माझं म्हणणं असं की हा शब्द नाटकाच्या मांडवातून डोंगरदऱ्यांत गेला आणि जाताना प्रेक्षकाची खुर्चीही बरोबर घेऊन गेला. खुर्चीत बसून बघणाऱ्याला सोलापूर जिल्हा दिसायचा नाही.

शब्दाचं मूळ ग्रीक आहे. 'स्केने' म्हणजे तंबू किंवा खोपट. गोलाकार मोकळ्या जागेत नाटक चालायचं आणि तिच्या मागं नटांनी मुखवटे बदलावेत, कपडे चढवावेत म्हणून एक खोपट उभं केलेलं असायचं. पुढं ते पक्कं झालं. प्रेक्षकांच्या समोर येणारी त्याची भिंत रंगवायला सुरुवात झाली. रंगवलेली भिंत नाटकात आणण्याचं श्रेय अ‍ॅरिस्टॉटल सोफोक्लीजला देतो. लॅटिनमधून, मग इटालियनमधून तो शब्द इंग्रजीत आला आणि तिथं त्याची 'सीनरी' झाली. पहिल्यांदा अर्थ एवढाच: रंगमंचावरच्या फळ्या, कापडं, रंगवलेले पडदे. खऱ्या डोंगराला, खऱ्या नदीला 'सीनरी' म्हणायची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. म्हणजे कापडावरचा डोंगर आधी आला, दगडामातीच्या डोंगराला ते नाव नंतर मिळालं. 'लँडस्केप'चीही हीच गत. तो डच चित्रकारांचा शब्द, १६०० च्या सुमारास इंग्रजीत गेला तो चित्राचं नाव म्हणून. चौकटीबाहेरच्या जमिनीला तो पुढं लागला. (आपण 'सिनेरी' म्हणतो तेव्हा त्यात सिनेमाचा वास येतो, पण सिनेमा वेगळ्या घराण्यातला. तो हालचाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय.)

शब्दाची कुंडली मांडून काय मिळतं, असं कुणी विचारील. शब्दांचं मूळ काढून आजच्या भांडणाचा निकाल लावणाऱ्यांवर माझाही फारसा विश्वास नाही. पण इथं शब्दाबरोबर एक सवयही आली आणि ती कागदोपत्री दिसते. अठराव्या शतकात इंग्लंडमधले हौशी प्रवासी खिशात एक छोटा, काळसर, फुगीर आरसा बाळगत. क्लोद लोरॅन या चित्रकाराच्या नावानं तो ओळखला जाई. एखाद्या रम्य ठिकाणी पोचलं की हे लोक त्या देखाव्याकडं पाठ करून उभे राहत आणि आरशात बघत. आरशात दरी जुन्या तैलचित्रासारखी दिसायची, कडेनं गडद, मध्ये उजळ. समोर खरी दरी असताना तिच्याकडं पाठ! सिद्धेश्वर तलावाच्या काठावर संध्याकाळी मोबाईल उंचावून तलावाकडं पाठ करून उभ्या असलेल्या पोरांना आपण नावं ठेवतो. त्यांची परंपरा चांगली अडीचशे वर्षांची आहे.

आपल्याकडं ही सवय साहेबानं थंड हवेच्या ठिकाणी रुजवली. महाबळेश्वरला एल्फिन्स्टन पॉइंट, आर्थर सीट, केट्स पॉइंट. माथेरानला पॅनोरमा पॉइंट. 'पॉइंट' हा शब्द किती बोलका आहे बघा. कठडा बांधलेला, जागा ठरलेली, बघायची दिशा ठरलेली. एकाचं तर नावच 'सीट'. गाडीतून उतरायचं, कठड्याशी जायचं, फोटो काढायचा, मक्याचं कणीस खायचं, पुढच्या पॉइंटला निघायचं. दरीत राहणारा माणूस, त्याची गुरं, त्याची नाचणी या तिकिटात येत नाही. निसर्ग बघायची मराठी मध्यमवर्गाची तालीम या कठड्यांपाशी झाली. तिथं शिकलेला डोळा घेऊन आपण सोलापूरला परत येतो आणि कठडा शोधतो. सोलापूरला कठडा लागतच नाही, कारण दरी नाही. जमीन सपाट, आभाळ मोठं, पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर.

मराठीनं या सगळ्यासाठी 'देखावा' हा शब्द वापरला. मला तो सीनरीपेक्षा सरस वाटतो, कारण त्याच्या पोटातच संशय आहे. डोंगराचाही देखावा, गणपतीपुढचा हलता देखावाही देखावाच, आणि "उगाच देखावा करू नको" म्हणजे ढोंग करू नको. भाषा एकाच शब्दात बघायला बोलावते आणि सावधही करते. 'नेपथ्य'ची गोष्ट याहून मजेची. आज नेपथ्य म्हणजे सेट. नेपथ्यकार म्हणजे तो उभा करणारा. संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाची वेशभूषा, रंगभूषा आणि ती जिथं चालते ती पडद्यामागची जागा. 'नेपथ्ये' अशी सूचना आली की आवाज आतून येतो. ग्रीक खोपट आणि आपलं नेपथ्य या दोघांचा जन्म कपडे बदलायच्या जागेपाशी झाला आणि दोघंही शेवटी समोर येऊन शोभेला बसले.

आणि संस्कृत रंगभूमीला रंगवलेल्या डोंगराची गरजच नव्हती. नाट्यशास्त्रात कक्ष्याविभाग म्हणून एक सोय सांगितली आहे: नटानं रंगमंचावर फेरी मारली की ठिकाण बदललं. घरातून अरण्यात जायचं तर चालून जायचं. शाकुंतलात राजाचा रथ हरणामागं सुसाट सुटतो तिथं 'रथवेगं निरूप्य' एवढीच सूचना आहे. रथाचा वेग अभिनयानं दाखवायचा. तमाशात तेच. एक गिरकी घेतली की मथुरेचा बाजार आला. फडावर पडदा नसतो म्हणून काही अडत नाही. आपले पूर्वज फार थोर होते असा सूर मला इथं लावायचा नाही. गरिबी हेही एक कारण असणारच. पण जागा बघून कळत नाही, चालून कळते, ही समज त्या रिकाम्या रंगमंचात पक्की आहे.

पडदे आले ते एकोणिसाव्या शतकात. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा मागं साधाच पडदा होता. पुढं पारशी नाटकवाल्यांच्या थाटानं आणि संगीत नाटकांच्या भरभराटीनं रंगीत पडद्यांचं युग आलं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकाचे पडदे रंगवतच पुढं सिनेमाकडं वळले. त्या पडद्यांचा एक ठरलेला संच असायचा: राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य. नाटक पौराणिक असो की सामाजिक, अरण्य लागलं की तोच पडदा खाली यायचा. तीच डावीकडची झाडी, तोच उजवीकडचा धबधबा. विदर्भातलं अरण्य असो की हिमालयातलं, झाडं तीच. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकानं रंगमंचावर तीन भिंतींची खरीखुरी खोली आणली आणि नाटकातून तो अरण्याचा पडदा हळूहळू गेला. मराठी माणसाच्या डोक्यातून मात्र गेला नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर सोलापुरातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत चित्रकलेच्या तासाला जाऊन बसा. 'निसर्गचित्र काढा' म्हटलं की पाटीपासून टॅबपर्यंत एकच चित्र येतं: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, तिथून वाकडी वाहत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, शेजारी नारळाचं झाड. मोहोळ, मंगळवेढा, सांगोला इथल्या पोरानं असा डोंगर पाहिलेला नाही, नारळ देवळात पाहिलाय. ज्वारीचं मेमध्ये भेगाळलेलं काळं रान, बांधावरची बाभूळ, मेंढरं, उजनीच्या कालव्याच्या दोन्ही अंगांचा हिरवा पट्टा हे त्याच्या रोजच्या रस्त्यावर असतं आणि ते तो काढत नाही, कारण ते निसर्गचित्र नव्हे असं त्याला कुणीतरी न सांगता शिकवलेलं असतं. गड्ड्याच्या जत्रेत फोटोवाल्यांच्या मांडवात मागं लावलेला धबधब्याचा पडदा, हॉटेलातल्या भिंतीवरचं स्वित्झर्लंड, नव्या संरक्षक भिंतीवर रंगवलेलं कोकण, हे सगळं त्याच संचातलं. एका भिंतीवर मी नारळीची बाग, होडी आणि समुद्र पाहिला. त्या भिंतीखालीच नळाला पाणी कधी येणार याची वाट बघत घागरींची रांग होती.

भिंती रंगवणं हे तसं निरुपद्रवी पाप आहे. रंग उडतो, पोपडे येतात, पैसे जातात, विषय संपतो. 'स्मार्ट सिटी'च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत २०१६ साली सोलापूरचं नाव आलं तेव्हापासून शहरात सुशोभीकरण हा परवलीचा शब्द झाला आणि त्यातलं काही खरोखर उपयोगी आहे. चालायला बरी वाट झाली, बसायला बाक झाले तर कोण तक्रार करील? तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. पडदा पुढं आला की मागं काहीतरी झाकलं जातं. तो त्याचा मूळ धंदा आहे. २०२२ च्या डिसेंबरात जी-२० च्या पाहुण्यांसाठी मुंबईत झोपडपट्ट्यांपुढं कापडं ताणली गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून टीका झाली. तेच काम झाडं लावून केलं की टाळ्या पडतात. आमच्या जिल्ह्यात माळावर तेच झालंय.

उत्तर सोलापुरातल्या नान्नजचा माळ गणपती-नवरात्राच्या मध्ये कधीतरी चालून बघा. गाडीतून नको, गाडीतून तो नुसता पिवळा पट्टा दिसतो. माती वीतभरसुद्धा नाही, खाली मुरूम. त्या मुरमात गवतं उगवतात: पवन्या तांबूस रंगावर येतो, मारवेल गुडघ्याला लागतं आणि कुसळी पायमोज्यातून आत शिरते. एक कुसळ काढून तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. ते जिवंत असल्यासारखं पिळे सोडत फिरायला लागतं. पहिल्या पावसात याच फिरण्यानं त्याचं टोकदार बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. मीटरभर उंचीचा माळढोक पक्षी याच उघड्या जमिनीवर, घरटं न बांधता, बहुधा एकच अंडं घालतो. त्याला चौफेर मोकळं दिसलं पाहिजे, कारण त्याचं रक्षण म्हणजे लांबून धोका दिसणं. काळवीट, खोकड, लांडगा, धाविक, चंडोल हे सगळे याच मोकळेपणावर जगतात. धनगरांची मेंढरंही.

आता हीच जागा सरकारी कागदात शोधा. इंग्रजांच्या महसुली नजरेला जिथून सारा येत नाही ती पडीक. स्वतंत्र भारतानं १९८५ साली पडीक जमीन विकासासाठी राष्ट्रीय मंडळ काढलं. उपग्रहावरून केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशांतही झुडपी-गवताळ रानाचा मोठा भाग त्याच रकान्यात पडतो. पडीक म्हटलं की ती सुधारणं आलं, सुधारणं म्हटलं की झाडं आली. मग मुरमात खड्डे, खड्ड्यात ग्लिरिसिडिया. परदेशी, भराभर वाढणारं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून जगणारं. महाराष्ट्रात वृक्षलागवडीची उद्दिष्टं २०१६ ला दोन कोटी, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी अशी चढत गेली. एवढी रोपं लावायची तर जागा हवी, आणि जागा म्हणून डोळ्यापुढं येतो तो 'मोकळा' माळ. नाटक कंपनीचा अरण्याचा पडदा असा शेवटी जमिनीत रोवला गेला. तीच झाडं, कुठल्याही जिल्ह्यात.

माळढोकाचं इथं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ते सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं, कागदावर प्रचंड. त्यात खासगी शेतं आली, गावं आली; जमीन विकताना, बांधकाम करताना लोकांना वर्षानुवर्षं अडचणी आल्या आणि पक्ष्याबद्दलची आपुलकी तिथंच आटली. पुढं ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आता जिल्ह्यात माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. विजेच्या तारा, शिकार, उसाकडं वळलेली शेती अशी कारणं अनेक आहेत, सगळं खापर झाडांवर फोडणं चूक. पण जिथं गवत वाचवायचं होतं तिथंच सावली आणून ठेवायची ही चूक करायला, समोर काय आहे ते न दिसण्याची सवय लागते.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा झाड नको म्हणणारा माणूस सोलापूरकर कसला? बरोबर. झाड हवंच. विजापूर रस्त्यावर हवं, होटगी रस्त्यावर हवं, अक्कलकोट रस्त्याच्या कारखान्यांजवळ हवं, विडी घरकुलात बायका दारात बसून विड्या वळतात तिथं हवं. कडुनिंब, पिंपळ, करंज, चिंच. गंमत अशी की रस्ता रुंद करताना जुना कडुनिंब जातो आणि त्याच्या बदल्यातली रोपं माणूस नसलेल्या माळावर लागतात. सावली तिथून इथं येत नाही. आकडा मात्र जुळतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. गवत बघायला पर्यटक येणार आहेत का? धबधब्याला येतात तितके नाही येणार. पण करमाळ्याकडं 'सैराट'नंतर लोक गेले ते काय बघायला? नवी हिरवळ लावून ठेवली होती म्हणून नव्हे. तिथली विहीर, तिथलं रान, उजनीचं पाणी जसं होतं तसं कुणीतरी गोष्टीत घेतलं आणि मग ते लोकांना दिसायला लागलं. करमाळ्यातल्या जेऊरच्या दिग्दर्शकाला ते दिसलं, कारण तो त्यातून चालत मोठा झाला होता.

चालून जागा समजून घ्यायची रीत या शहराला शिकवायची गरजही नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा असते तेव्हा पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, तोलत निघतात आणि अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत शहराभोवती फिरतात. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता. ज्याला ही मिरवणूक एका जागी बसून बघायची आहे त्याला तिचा एक तुकडा मिळतो. जो बरोबर चालतो त्याला शहराची हद्द, पाण्याच्या जागा, जुन्या वाटा पायांना कळतात. पंढरीच्या वाटेवरचा वारकरीही वाखरीपर्यंत सीनरी बघत येत नाही. त्याला रान माहीत असतं: कुठं सावली, कुठं पाणी, कुठं चिखल.

म्हणून मागणी पर्यटन विकासाची नाही, त्या निधीचीही नाही. जिल्ह्याच्या महसुली आणि वनखात्याच्या नोंदीत माळरानाला त्याच्या नावाचा रकाना द्या. 'पडीक' नको, 'रिक्त' नको. त्या रकान्यातल्या जमिनीवर लावलेलं झाड वृक्षलागवडीच्या उद्दिष्टात धरू नका. नुसता हा एक नियम केला तरी निम्मे खड्डे आपोआप थांबतील, कारण ते आकड्यासाठीच खणले जातात. खड्डा खणण्याआधी त्या गावच्या मेंढपाळाला विचारा की इथं कुठलं गवत येतं, कोण चरतं, कोण अंडी घालतं. त्याचं उत्तर पंचनाम्यासारखं लिहून घ्या आणि ग्रामसभेपुढं वाचा. आणि चित्रकलेच्या शिक्षकांना एवढीच विनंती की पोरांना वर्षातून एकदा शाळेमागच्या रानात न्या, वही उघडायच्या आधी तासभर चालू द्या, आणि त्या दिवशी नारळ काढणाऱ्याला गुण देऊ नका.

रोपवाटिकांतल्या पिशव्या उन्हाळ्यातच भरल्या जातात आणि खड्ड्यांची कामं पाऊस यायच्या आधी उरकतात. त्यामुळं हा विषय जुलैत काढून उपयोग नाही, फेब्रुवारी-मार्चच्या ग्रामसभांतच तो काढावा लागेल.